वाळू बांधणारा कायदा आणि भेक वाचवणारा कायदा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लिव्हरपूल आणि साउथपोर्ट यांच्या मधल्या वाळूच्या टेकड्यांत, दोन कायद्यांची गाठ पडली. पहिला १७४२ चा, दुसरा १९७५ चा. पहिल्याने वाळू जागच्या जागी बांधून ठेवली. दुसऱ्याने ज्या प्राण्याला अभय दिले, त्याला नेमकी मोकळी, सरकती वाळू हवी होती. तो प्राणी म्हणजे नॅटरजॅक भेक. #थ्रेड

भेक म्हणजे कोरड्या, खरखरीत कातडीचा बेडकाचा भाऊबंद. नॅटरजॅकची लांबी सहा-सात सेंटिमीटर, पाठीच्या मधोमध पिवळी रेघ. पाय इतके आखूड की तो उड्या मारत नाही, उंदरासारखा धावतो. दिवसा वाळू उकरून आत बसतो. वसंतातल्या रात्री मात्र नर असा काही गजर करतात की शांत हवेत तो दोन किलोमीटरवर ऐकू जातो. या किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला ‘बर्कडेलचा नाइटिंगेल’ आणि ‘बूटलचा ऑर्गन’ अशी थट्टेची नावे ठेवली. शास्त्रीय नाव लॉरेंटी याने १७६८ मध्ये दिले. पुढे १७७६ मध्ये थॉमस पेनंटने ‘ब्रिटिश झूलॉजी’त या भेकाची नोंद केली.

त्याच्या आयुष्याची सारी गणिते पाण्यावर बेतलेली आहेत. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत हिवाळ्यात भूजल वर येते आणि उथळ डबकी साचतात. उन्हाने ती लवकर तापतात. नॅटरजॅकची मादी तिथे हजारो अंड्यांची माळ सोडते. डबके उन्हाळ्यात आटले पाहिजे, पण पिले बाहेर पडल्यानंतर. आधी आटले तर पिढी गेली. कधीच आटले नाही तर पाणकिडे आणि चतुरांच्या अळ्या माजतात, शिवाय साधे भेक आणि बेडूक येतात. त्यांच्या पिलांपुढे नॅटरजॅकची पिले टिकत नाहीत. भोवतालचे गवतही खुरटे हवे, कारण उंच गवतात त्याला धावता येत नाही. तिथे साधा भेकच वरचढ ठरतो.

हे खुरटे गवत निसर्गाने आपोआप राखले, असे समजणे चूक ठरेल. ससा हा मुळात ब्रिटनचा रहिवासी नव्हे. मध्ययुगात नॉर्मनांनी तो मांस आणि कातड्यासाठी आणून वाढवला. या टेकड्यांत जमीनदारांनी सशांची राखीव कुरणे ठेवली. त्यांच्या दातांनी आणि चरणाऱ्या गुरांनी शतकानुशतके गवत जमिनीलगत राखले. नॅटरजॅकचे ‘रानटी’ घर असे माणसाच्या अर्थव्यवस्थेवर उभे होते.

मात्र त्याच माणसाला वाळूची भीतीही होती. वारा टेकड्या पुढे ढकलत असे, शेते बुजत. १७३९ च्या वादळात फॉर्म्बी गावाचे जुने चॅपल वाळूने निकामी केले. १७४६ मध्ये नवे चर्च किनाऱ्यापासून आत बांधावे लागले. वाळू धरून ठेवणारे एकच हत्यार हाताशी होते: स्थानिक बोलीत ‘स्टार’ म्हणवले जाणारे मॅरम गवत. कुळांवर ते लावण्याची सक्ती असे. पण गरीब माणसे त्याच गवताच्या चटया आणि झाडू विणून पोट भरत. १७४२ च्या कायद्याने लँकेशायरच्या किनाऱ्यावर हे गवत कापणे गुन्हा ठरवले. शेत वाचले, चटईवाल्याचे काय झाले याची फिकीर कायद्याने केलेली दिसत नाही.

वाळू बांधण्याचे काम एकोणिसाव्या शतकात अधिक जोमाने पुढे गेले. शतकाच्या अखेरीस जमीनदार चार्ल्स वेल्ड-ब्लंडेल याने टेकड्यांवर पाइन लावायला घेतले. पाइन जमिनीतले पाणी ओढतो, भूजल खाली जाते, डबकी लवकर सुकतात. दरम्यान १८४८ मध्ये रेल्वे आली. तिच्यामागून घरे आणि गोल्फची मैदाने आली.

शेवटचा घाव मात्र ना करवतीचा होता, ना रेल्वेचा. १९५३ मध्ये मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोनेक वर्षांत देशातले बहुसंख्य ससे मेले. कुरणे ओस पडली, गवत वाढले, झुडपे शिरली.

किती नुकसान झाले याचा हिशेब १९७० च्या दशकात ट्रेव्हर बीबी या जीवशास्त्रज्ञाने मांडला. आतल्या भागातल्या माळरानांवरून हा भेक जवळजवळ पुसला गेला होता. जे उरले होते ते मुख्यतः किनाऱ्यावर. पुढे हॅम्पशायरमधील वूल्मर येथील तळ्याच्या गाळाचे थर तपासले गेले. त्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांवरून दिसले की पाणी औद्योगिक काळात आम्लधर्मी होत गेले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दप्तरखान्याइतकेच गाळालाही दस्तऐवज मानावे, याला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

१९७५ मध्ये संसदेने वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टातील प्राण्यांची यादी अवघी सहांची होती आणि तीत नॅटरजॅकला जागा मिळाली. पण भेकाला मारू नये असा हुकूम काढून डबके परत येत नाही. एन्सडेलच्या टेकड्या १९६५ पासूनच राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र होत्या, तरी तिथेही झुडपे वाढतच होती. म्हणून संरक्षकांनी फावडी उचलली. बुजलेल्या खोलगट जागा भूजलापर्यंत खणल्या, झुडपे उपटली, सशांच्या जागी मेंढ्या आणि गुरे चरायला सोडली. मध्ययुगीन जमीनदाराने नफ्यासाठी जे केले, ते आता सरकारी खर्चाने करावे लागत होते.

खरा संघर्ष १९९० च्या दशकात पेटला. समुद्राकडच्या बाजूचे पाइन तोडून वाळू मोकळी करायचे ठरले आणि तोडणी सुरूही झाली. शास्त्राच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड होता: झाडे गेली की भूजल वर येईल, डबकी भरतील. परंतु तीन पिढ्यांनी ते पाइनचे बन पाहिले होते, त्यात फिरले होते. शिवाय त्या बनात तांबडी खार राहत होती, आणि ब्रिटनमध्ये तीही दुर्मिळच. ‘निसर्गरक्षक’ म्हणवणारेच झाडे तोडतात, हे स्थानिकांना पटेना. विरोध इतका वाढला की तोडणी थांबवावी लागली. इथे लोकांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. माणसाने लावलेले पाइन परके म्हणून हटवायचे, तर माणसानेच आणलेल्या सशाने घडवलेले गवत कोणत्या न्यायाने मूळचे ठरते?

कायद्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. वन्यजीवांच्या १९८१ च्या कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात नॅटरजॅक आणि तांबडी खार दोघेही आहेत. एकाला पाइन गेलेले हवे होते, दुसरीला राहिलेले. एन्सडेलला शेवटी दोन्ही उरले: मागे बन, आणि पुढे मोकळ्या केलेल्या वाळूत दर काही वर्षांनी पुन्हा खणावी लागणारी डबकी.