सण घरातला, सण रस्त्यावरचा

घरातल्या सणाला पुरणपोळी नि चार पाहुणे पुरतात. सण रस्त्यावर आला, की शेजाऱ्याचेही मन पाहावे लागते. टिळकांनी १८९६ साली रायगडावर शिवोत्सव भरवला, तो लोक एकत्र यावेत म्हणून. पण यंत्रमागांच्या भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतच दंगल पेटली. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. मग मिरवणूक म्हटली, की कुणाला उत्साह, कुणाला धास्ती! १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या नेमल्या. दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसू लागली; बारीकसारीक कुरबुरी तिथेच मिटू लागल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ढोल ऐकून शेजाऱ्याने दार लावून न घेता उंबऱ्यावर यावे, एवढे साधले तरी सण साजरा झाला म्हणायचे.