गल्ल्यावर कोण बसले आहे?



विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, सांगोला म्हणजे पंढरपूरच्या वाटेवरचे गाव. समोर निम्मे माळकरी असणार. आणि तुम्ही गांज्यावर बोलणार?" आम्ही म्हटले, ज्यांनी नशा सोडली आहे त्यांच्याशीच हा विषय डोके थंड ठेवून बोलता येतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. ऑगस्ट २०२१. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की मला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. कारण साधे होते. कुठलेही पीक घ्या, घातलेला खर्चसुद्धा निघत नाही. गांज्याला मात्र भाव आहे. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला, बातम्या रंगल्या, लोक हसले. आम्हाला काही हसू आले नाही. कारण हाच अर्ज एकशेतीस वर्षांपूर्वी कोणी केला असता, तर त्याची बातमीही झाली नसती.

त्या काळी मुंबई इलाख्यात गांजा उघडपणे पिकत होता. नगर जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता. विक्रीचा ठेका लिलावात जाई. ठेकेदार दुकान मांडी, सरकार महसूल घेई. गिऱ्हाईक कोण? गोसावी, बैरागी, फकीर, पण अंगमेहनत करून थकलेला मजूरसुद्धा. आणि वैद्याच्या बटव्यात तीच वनस्पती 'विजया' या नावाने होती. कलकत्त्याच्या डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये धनुर्वातासारख्या दुखण्यांवर तिचे प्रयोग करून निबंध लिहिला, आणि पुढे युरोपातल्या डॉक्टरांनीही ती वापरायला घेतली.

मग १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन या दारूबंदीवाल्या सभासदाने प्रश्न उभा केला. हिंदुस्थान सरकार गांजा विकून लोकांना वेडे करते आहे काय, असा त्याचा रोख होता. त्यातून आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. सत्तर प्रश्नांची यादी, ११९३ साक्षीदार, आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल. इतकी कसून चौकशी या विषयावर जगात त्याआधी कोणी केली नव्हती.

आता यातली एक गोष्ट नीट ऐका. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे ती आम्हाला फार मोलाची वाटते. वेड्यांच्या इस्पितळात माणूस दाखल होताना एक कागद भरला जाई, त्यात 'वेडाचे कारण' असा रकाना. तो बहुधा पोलीस भरी. त्याला काय ठाऊक असणार? नातेवाईक म्हणाला, कधीमधी चिलीम ओढायचा. झाले, लिहिले 'गांजा'. वर्षाअखेरीस त्या रकान्यांची बेरीज झाली की ते शास्त्र! आयोगाने १८९२ सालचे दाखले एकेक करून तपासले. देशभरातल्या १,३४४ दाखल्यांपैकी जास्तीत जास्त ९८ प्रकरणांत गांजा-भांगेचा संबंध धरता येईल, असे निघाले. याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने घेतल्यास फारसा अपाय नाही, अतिरेक घातक. म्हणून सरसकट बंदी नको, लागवड, दुकाने आणि जवळ बाळगायचे प्रमाण यांवर बंधन घाला, कर वाढवा. तीन भारतीय सभासदांपैकी दोघांनी मात्र वेगळे मत नोंदवले. तेही विसरू नका. साहेबाला महसूल हवाच होता. ठेकेदार गल्ल्यावर बसला की त्याचे हित जास्त विकण्यात असते, हे कुठल्याही अहवालाने बदलत नाही.

पुढे पारडे उलटे फिरले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा अफूच्या पंगतीला बसला. भारताने १९८५ मध्ये अंमली पदार्थांचा कायदा केला. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने आणि बिया व्याख्येबाहेर. म्हणून काशीला, जैसलमेरला भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेवरही बंधन आहे. योगायोग बघा, त्याच १९८५ साली अमेरिकेत गांज्यातल्या अंमलकारक द्रव्याची कृत्रिमरीत्या बनवलेली कॅप्सूल केमोथेरपीच्या उलट्यांवर औषध म्हणून मंजूर झाली.

या कायद्याने औषधाची दारे तत्त्वतः बंद केली नव्हती. पण दारावर इतकी कुलपे लावली की मॉर्फिनसुद्धा मिळेनासे झाले. भारत परवान्याने अफू पिकवून जगाच्या औषध कारखान्यांना पुरवणारा देश! आमच्या थोरल्या वहिनींना १९९६ साली हाडापर्यंत कॅन्सर गेला. एका मोठ्या दवाखान्याने सांगितले, आमच्याकडे परवाना नाही. शेवटचे दोन महिने त्या उशी तोंडात धरून रडत. घरात आवाज जाऊ नये म्हणून. कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन 'अत्यावश्यक अंमली औषधे' वेगळी काढली, नियम देशभर एकसारखे केले. वहिनींना त्याचा काय उपयोग?

म्हणून २००८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये औषधी गांजा देणारे यंत्र बसल्याचे वाचले तेव्हा आम्ही चटकन नाक मुरडले नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्येच, म्हणजे वहिनींच्या आजारपणाच्या वर्षीच, मतदान घेऊन डॉक्टरच्या शिफारशीने गांजा घ्यायची मुभा दिली होती. रुग्णाने यंत्रावर बोटाचा ठसा द्यायचा, कार्ड घालायचे, ठरलेली पुडी बाहेर. रात्री-अपरात्री मिळते, दुकानदाराची नजर सोसावी लागत नाही. दुखणाऱ्या माणसाला हे थोडे नाही.

पण यंत्र ठसा ओळखते, माणूस ओळखत नाही. पुडी पोराने घेतली का, दुखणे वाढले का, हात थरथरतो का, हे ते विचारणार नाही. आणि हे म्हणायला नको की अमेरिका दूर आहे. आज आयुर्वेदिक परवान्याने भांगेच्या पानांपासून केलेली तेले मोबाइलवरून मागवता येतात. पलीकडचा वैद्य पडद्यावर चार प्रश्न विचारतो, चिठ्ठी देतो, माल घरपोच. यंत्र आलेच की! फक्त भिंतीला टेकलेले नाही, खिशात आहे.

मग आमचे म्हणणे काय? 'चालू करा' आणि 'बंद करा' यांच्या भांडणात खरा प्रश्न हरवतो. १८९४ मध्ये गल्ल्यावर ठेकेदार होता, त्याला खप हवा होता. १९८५ नंतर आपण गल्ला उचलला, तर अंधारात चोरटा व्यापारी येऊन बसला. उसात आणि मक्यात लपवलेली झाडे पोलीस उपटतात, हे आपल्याला नवीन नाही. यंत्राच्या गल्ल्यावर तर कोणीच नाही. आम्हाला हवा आहे तो असा माणूस, ज्याला रुग्ण ठाऊक आहे आणि जास्त विकून ज्याचा काही फायदा नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला प्रशिक्षित औषधनिर्माता, नोंदवही, आणि वेदना शमवणारा डॉक्टर. औषधाची रांग वेगळी, नशेची चर्चा वेगळी. कोवळ्या वयात गांजा नित्य ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून दुसऱ्या चर्चेत आम्ही सावधच राहू.

२०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कडक यादीतून काढण्यावर मतदान झाले. २७ विरुद्ध २५. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे तिथे आपण म्हणालो, यात औषध असू शकते. मग इथे ते कोणाच्या हातून मिळणार, हेही आपणच सांगायला हवे.

मोहोळच्या त्या शेतकऱ्याला आम्ही एवढेच म्हणू: दादा, तुमचा राग खरा आहे, पण भाव आहे तो बंदीमुळे आहे. उद्या परवानगी मिळाली तर गांज्याचेही डाळिंबासारखेच होईल. पीक तुमचे, दर दुसऱ्याचा. लावू का, हे विचारण्याआधी गल्ल्यावर कोण बसणार, हे विचारा.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः माळकरी मंडळींनी.