वैयक्तिक कारणास्तव

ऐरोलीच्या टी.टी.सी. औद्योगिक क्षेत्रात माहिती तंत्रज्ञानाचे एक विस्तीर्ण संकुल आहे. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत त्याच्या फाटकावरचे नाव दोनदा बदलले. आधी ‘पटनी’ होते, मग ‘आयगेट’ झाले आणि शेवटी ‘कॅपजेमिनी’. हा बदल उद्योगपतींच्या व्यवहारांचा इतिहास म्हणून वृत्तपत्रांत नोंदला गेला आहे. त्या फाटकातून रोज आत जाणाऱ्यांच्या बाजूने तो वाचता येईल काय, हा येथे प्रश्न आहे.

पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सची स्थापना १९७८ मध्ये नरेंद्र, गजेंद्र आणि अशोक या तीन बंधूंनी केली. नारायण मूर्ती तेथे नोकरीस होते. तेथूनच बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी जुलै १९८१ मध्ये १०,००० रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस सुरू केली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची सर्वांत प्रसिद्ध जन्मकथा ही अशी मुळात राजीनाम्याची कथा आहे.

योगायोग असा की, त्यानंतर सहाच महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडले होते की, संस्था बिघडू लागली की आतल्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निघून जाणे सोपे असेल तर आवाज क्षीण होत जातो, असेही त्यांचे निरीक्षण होते. गिरणगावाने दुसरी वाट धरली. नव्या उद्योगाने आपल्या जन्मापासूनच पहिली.

या वाटेची परीक्षा पटनीतच झाली. बंधूंमधील मतभेद आणि हिस्साविक्रीच्या वार्ता यांची चर्चा वर्षानुवर्षे चालू होती. २००९ मध्ये नरेंद्र पटनी यांच्या जागी जेया कुमार मुख्याधिकारी झाले. २०११ मध्ये आयगेट या आकाराने लहान कंपनीने पटनी विकत घेतली आणि फणीश मूर्ती प्रमुख झाले. मे २०१३ मध्ये संचालक मंडळाने त्यांना दूर केले. हाताखालील कर्मचारी महिलेशी असलेले संबंध त्यांनी नियमानुसार कळवले नाहीत, हे कारण देण्यात आले. छळाचा आरोप त्यांनी नाकारला. मग गेरहार्ड वॉट्झिंगर हे हंगामी प्रमुख आले आणि त्याच वर्षी अशोक वेमुरी. पाच वर्षांत त्या खुर्चीवर पाच माणसे बसली. यांपैकी फणीश मूर्ती आणि वेमुरी हे दोघे पूर्वाश्रमीचे इन्फोसिसचे. जे घर सोडून इन्फोसिस जन्मली, त्याच घराचा कारभार तिच्या माणसांकडे आला! २०१५ मध्ये कॅपजेमिनीने सुमारे चार अब्ज डॉलरांना आयगेट घेतली.

अशा काळात आत काम करणाऱ्याचे काय होते? वरकरणी फारसे काही नाही. त्याचे काम परदेशी ग्राहकाच्या प्रकल्पाशी बांधलेले असते. प्रमुख बदलला तरी प्रकल्पाची मुदत बदलत नाही. बदलते ते ओळखपत्र, मूल्यमापनाची पद्धत आणि उद्याविषयीची खात्री. तरुणापाशी नोटीस पीरियड भरून निघून जाण्याचा उपाय असतो. पंचेचाळिशीच्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसापाशी तोही नसतो; आणि आवाज उठवण्याची भाषा तर कोणी घडवलेलीच नसते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. गिरणी कामगाराच्या आवाजाला नारायण सुर्वे यांची कविता लाभली. संपाच्या पराभवानंतरही जयंत पवार यांचे ‘अधांतर’ आले. आवाज हरला तरी मागे संहिता उरते. निघून जाणाऱ्याचे मात्र तसे नाही. ऐरोलीच्या या पिढीने मागे ठेवलेला लिखित दस्तऐवज बहुधा एकच आहे: दोन ओळींचा राजीनामा. त्यात कारण ठरलेले असते: ‘वैयक्तिक कारणास्तव’. वर घडलेल्या सार्वजनिक उलथापालथीचा सारा परिणाम खाली अशा रीतीने खासगी ठरतो. या दोन शब्दांमागचे वाचल्याशिवाय नव्या मुंबईचा इतिहास पुरा होणार नाही. तो लिहिण्याची जबाबदारी मराठी कादंबरीने अजून पुरतेपणी घेतलेली नाही.