अनामिक सहप्रवासी

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या एका डब्यात दोन परके प्रवासी समोरासमोर बसले होते. एक युरोपीय होता. दुसरा तिशी ओलांडलेला, संस्कृत काव्यात मुरलेला, नोकरीच्या शोधात गावोगाव फिरणारा चित्पावन ब्राह्मण. गोऱ्या गृहस्थाने बोलणे काढले ते संस्कृत काव्याविषयी. मग ते धर्माकडे वळले आणि ख्रिस्ताविषयी आपले मत काय, असे त्याने विचारले. निरोप घेताना त्याने या ब्राह्मणाच्या हाती 'नव्या करारा'ची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. ब्राह्मणाने ना त्याचे नाव विचारले, ना पत्ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्या ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला, तोही परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून. नारायण वामन टिळक हे त्याचे नाव.

ही हकीकत मराठी वाचकाला नवी नाही. टिळकांच्या चरित्रकारांनी ती सांगितली आहे, आणि ख्रिस्ती मंडळींत तर ती दृष्टांतासारखी रूढ होऊन बसली आहे. दृष्टांत झालेल्या घटनेचे एक दुर्दैव असे की, पुढे तिच्याकडे इतिहास म्हणून कोणी पाहत नाही. दोन अनोळखी माणसांतील हे बोलणे एकाएकी उद्भवलेले नव्हते. परधर्मीयाला आपली श्रद्धा सांगण्याची एक रीत महाराष्ट्रात त्यापूर्वी साठ वर्षे चालत आली होती. या डब्यात ती रीत मोडली गेली. म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

सतराव्या शतकातील फादर स्टीफन्स यांना येथे बाजूला ठेवतो. १६१६ मध्ये छापून निघालेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीचे भूषण आहे, यात शंका नाही. परंतु ते मुख्यतः साष्टीतील नवख्रिस्त्यांसाठी रचलेले. ज्याने उंबरठा ओलांडला त्याला घर दाखविण्याचा तो उद्योग होता. उंबरठ्याबाहेरच्या माणसाशी कसे बोलावे, हा प्रश्न मराठीत खऱ्या अर्थाने उभा राहिला तो इंग्रजी अंमलात, मुंबईत.

त्याला मिळालेले पहिले उत्तर वादाचे होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले, त्यांनी मराठी आत्मसात केली, आणि १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. दोन्ही पक्षांनी आपापली पुस्तके छापली. पुढे १८५७ च्या प्रारंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी वादसभा झडल्या. जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. या वादांची भाषा पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोघेही बोलतात ते प्रतिपक्ष्याशी खरे, पण ऐकवावयाचे असते ते सभेला. समोरच्या माणसाचे मन वळावे अशी अपेक्षा कोणाचीच नसते. मराठी गद्याला या वादांनी धार दिली, मुद्रणाला चालना दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यांत दोन माणसे एकमेकांना भेटली, असे म्हणवत नाही.

सभेच्या मागे आणखी एक गोष्ट उभी होती: सत्ता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या अल्पवयीन भावाचे, श्रीपतीचे, प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा घरी परत आला, तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याचे शुद्धीकरण घडविण्याचा प्रयत्न केला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा उपदेशक आपल्या मुलाशी धर्माविषयी बोलतो, या कल्पनेनेच तेव्हाच्या घरांत धडकी भरत असे. ती भीती निव्वळ अज्ञानातून आलेली होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळा त्यांच्या, कचेऱ्या त्यांच्या जातभाईंच्या. अशा वेळी मनमोकळ्या संभाषणाला समान भूमी राहते कोठे? उलट, ज्यांनी धर्म बदलला ते सर्व मोहाला वा धाकाला बळी पडले, असे म्हणणेही तितकेच अन्यायाचे आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' वाचणाऱ्याला हे सांगण्याची गरज नाही.

वादातूनही कोणी बदलला नाही, असे मात्र नाही. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत वाढलेले मराठी पंडित. त्यांनी जॉन म्यूर यांच्या संस्कृत ग्रंथाला संस्कृतातच उत्तर लिहिले होते. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून ते त्यांच्याकडे जाऊ लागले आणि खंडन करता करता स्वतःच शंकेत पडले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गोऱ्ह्यांना कोणी सभेत जिंकले नव्हते. सभा उठल्यावर घरी, एकांतात, रात्री त्यांचा स्वतःशी जो वाद चालला असेल त्यातच निर्णय झाला, हे त्यांच्या चरित्रावरून उघड दिसते. आणि तो निर्णय सुखाचा नव्हता. शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. १८९५ मध्ये, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी, गोऱ्हे वारले.

या दोघांच्या मध्ये पंडिता रमाबाई येतात, आणि त्यांची साक्ष मला सर्वांत बोलकी वाटते. १८७८ मध्ये भावासह त्या कलकत्त्यास गेल्या असता ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याचे त्यांना निमंत्रण आले. प्रार्थनेच्या वेळी सर्वजण खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसले, तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच वंदन करीत आहेत की काय, असे या बहीणभावांना वाटले! निघताना त्यांना संस्कृत बायबलाची प्रत भेट मिळाली. ग्रंथ देखणा होता. परंतु ज्यांना पुराणे मुखोद्गत होती त्या रमाबाईंना त्यातील संस्कृत कळेना. शब्द ओळखीचे, वाक्याची चाल परकी, असाच तो अनुभव असला पाहिजे. देणाऱ्यांनी मोठ्या आदराने पंडितेला पंडितांची भाषा दिली. ती भाषा तिच्यापर्यंत पोहोचली नाही. हा प्रसंग अनुवादाच्या इतिहासकारांनी लक्षात ठेवावा असा आहे.

पुढे लग्नानंतर सिलचर येथे, पतीच्या ग्रंथसंग्रहात, त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पोथी सापडली. ती तेथे कशी आली, हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणी आग्रह केलेला नव्हता, कोणी वाट पाहत उभे नव्हते. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली. नंतर तेथील एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागले, तेव्हा पतींनी हरकत घेतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. बुद्धीची खात्री पटली ती नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने, असे त्यांनीच नमूद केले आहे. म्हणजे काशीत सुरू झालेला एक वाद पस्तीस वर्षांनी दुसऱ्याच व्यक्तीच्या मनात, दुसऱ्याच देशात, फळास आला.

आता पुन्हा नागपूर-राजनांदगावच्या त्या डब्याकडे येऊ. या डब्यात सभा नव्हती. ऐकणारा तिसरा कोणी नव्हता, त्यामुळे हरण्याची लाज नव्हती आणि जिंकण्याची हौसही नव्हती. बोलणाऱ्याने प्रारंभ केला तो ऐकणाऱ्याला प्रिय असलेल्या काव्यापासून. मिशनऱ्यांच्या प्रचारपत्रिकांचा ढीग ज्याने चाळला आहे, त्याला या एका गोष्टीचे मोल कळेल. शिवाय टिळक त्या वेळी रिकाम्या मनाने बसले नव्हते. परंपरागत धर्माविषयी त्यांना असमाधान होते आणि एका नव्या धर्माची सूत्रे ते मनाशी जुळवीत होते. अशा माणसाला उत्तर देण्यापेक्षा त्याच्या हाती पुस्तक ठेवून उतरून जाणे अधिक शहाणपणाचे, हे त्या प्रवाशाला उमगले होते की केवळ त्याचे स्थानक आले होते? भाकीत करण्याचा मोह त्यालाही आवरला नाही, हे विसरता येत नाही. त्या भाकितात जुन्या सभेतील विजयाचा एक सूर मला ऐकू येतो.

टिळकांनी पुस्तक वाचले ते आपल्या सवयीप्रमाणे, लक्षात ठेवण्याजोग्या जागी पेन्सिलीने खुणा करीत. आरंभीच्या भागाने ते फारसे रंगले नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना हलवेना. खुणा करणारी ही पेन्सिल मला त्या भाकितापेक्षा महत्त्वाची वाटते. ती टीकाकाराची पेन्सिल होती. पुढे आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार टिळकांनी काढले. तो पूल डब्यातल्या प्रवाशाने बांधलेला नव्हता, आणि तो तेथे आहे हे त्याला ठाऊक असण्याचा संभवही कमीच.

तो प्रवासी कोण होता? पुढे अभ्यासकांनी फ्री मेथडिस्ट मिशनच्या अर्नेस्ट वॉर्ड यांचे नाव घेतले आहे. ते खरे असेलही. टिळकांच्या कथेत मात्र तो अनामिकच राहिला.

या प्रवासाचे भाडे जिने भरले ती त्या डब्यात नव्हती. लक्ष्मीबाईंना पतीच्या धर्मांतराने जिवंतपणी वैधव्य आले, असेच म्हणावे लागेल. पदरात चार वर्षांच्या आसपासचा मुलगा, भोवती रडणारी आणि सल्ले देणारी नातेवाईक मंडळी. काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतील हा भाग वाचताना त्यांच्या विनोदाला हसावे की थांबावे, हे कळत नाही. धर्मसंवादाच्या गौरवकथा लिहिणारे या पानांवरून भरभर पुढे जातात. ज्याने पुस्तक दिले त्याने ब्राह्मणाच्या मुक्तीचा विचार केला असेल. त्याच्या स्वयंपाकघराचा विचार त्याच्या मनात आला असेल, असे मला वाटत नाही. ज्या धर्माची घोषणा प्रेम ही आहे, त्याच्या प्रचाराच्या हिशेबात ही रक्कम मांडलेली असावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आणि येथेच एक उलटापालट झाली. आता परधर्मीय होती ती पत्नी, आणि श्रद्धा सांगणारा होता तो पती. घरातल्याच दोन माणसांत परकेपणा उभा राहिला. लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या त्या आपला सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवण्याच्या बोलीवर. टिळक तापट म्हणून प्रसिद्ध. तरी ही चूल त्यांनी मोडली नाही. लक्ष्मीबाई बदलल्या त्या पतीच्या व्याख्यानांनी नव्हे. ईश्वराने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या, हा निर्णय त्यांनी एकटीने, आपल्या मनाशी घेतला. सोवळे त्यानंतर गळाले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा झाला. नीलकंठशास्त्र्यांची रात्र, रमाबाईंची बंगाली पोथी, टिळकांची पेन्सिल आणि लक्ष्मीबाईंची वेगळी चूल: या चारही ठिकाणी सांगणारा जेव्हा बाजूला झाला तेव्हाच ऐकणाऱ्याला ऐकू आले.

टिळकांनी हा धडा स्वतःपुरता गिरवला, असे त्यांच्या उत्तरायुष्यावरून वाटते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. भजने, कीर्तने, अभंग ही त्यांची साधने. मिशनच्या मंडळींना हे कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

१९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' तेव्हा पहिल्या दहा-अकरा अध्यायांशीच थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध केले. शाळेचे तोंड न पाहिलेली, एके काळी ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणीही न पिणारी ही बाई, ख्रिस्ताची कथा मराठीत सांगत बसली होती. १९३६ मध्ये त्या गेल्या. शेवटचा भाग मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला.