रोजगारक्षमता : व्यक्तीची जबाबदारी किती, व्यवस्थेची किती?

काम मिळविण्याची, मिळालेले काम टिकविण्याची आणि गरज पडल्यास दुसरे काम शोधण्याची व्यक्तीची क्षमता म्हणजे रोजगारक्षमता. रोजगार आणि रोजगारक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिक्षण, कौशल्य, शिस्त आणि नवे शिकण्याची तयारी व्यक्तीच्या हाती बऱ्याच अंशी असते. रिक्त जागा किती निघाव्यात, हे मात्र तिच्या हाती नसते. त्यामुळे प्रशिक्षण घेऊनही काम न मिळाल्यास त्याची जबाबदारी कोणाची, हा श्रमबाजारातील जुना वाद आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये बेकारी हा बहुधा आळसाचा किंवा चारित्र्याचा दोष मानला जाई. विल्यम बेव्हरिज यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बेकारी ही मुख्यतः उद्योगव्यवस्थेची समस्या असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने श्रम विनिमय केंद्रांचा कायदा संमत केला आणि १९१० मध्ये पहिली केंद्रे सुरू झाली.

शतकाच्या अखेरीस भर पुन्हा व्यक्तीकडे सरकला. युरोपीय संघाने १९९७ मध्ये लक्झेंबर्ग येथे आखलेल्या रोजगार धोरणाच्या चार आधारस्तंभांमध्ये रोजगारक्षमतेचा समावेश होता. जर्मनीने २००५ पासून बेकारांना साहाय्य देतानाच काम शोधण्याची अट कडक केली आणि अट न पाळणाऱ्यांच्या भत्त्यात कपात सुरू केली. तथापि, ३० टक्क्यांहून अधिक कपात घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील घटनात्मक न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी दिला. व्यक्तीकडून प्रयत्नांची अपेक्षा ठेवता येते, परंतु तिचे किमान जीवनमान हिरावता येत नाही, असा त्याचा आशय होता.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ नुसार राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावयाची आहे. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. भरती त्या कार्यालयामार्फतच करण्याची सक्ती मात्र केली नाही. मालकांच्या वाट्याची जबाबदारी शिकाऊ उमेदवारीविषयीच्या १९६१ च्या कायद्यात दिसते. त्याखालील सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक ठरले.

जबाबदारीची सर्वांत स्पष्ट विभागणी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत आढळते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनतीची तयारी दाखविणे हे व्यक्तीचे कर्तव्य; मागणी होताच ठरलेल्या मुदतीत काम देणे, अन्यथा भत्ता देणे, हे शासनाचे. खर्चाचा मोठा भार व्यवसाय करातून, म्हणजे बहुतांशी शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांकडून उचलला गेला. मात्र काम अकुशल असल्याने मजुराची रोजगारक्षमता त्यातून फारशी वाढत नसे. केंद्राने २००५ च्या कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले आणि ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली.

२०१४ मध्ये स्वतंत्र कौशल्य विकास मंत्रालय आणि २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आल्यानंतर भर पुन्हा प्रशिक्षणाकडे वळला. प्रशिक्षण पूर्ण करणे, अनुभव मिळविणे आणि बदलत्या तंत्राशी जुळवून घेणे हे उमेदवाराचे काम आहे. परंतु ज्या तालुक्यात कारखानाच नाही, तेथील आयटीआय उत्तीर्ण फिटरला घरापासून दूर जावे लागते. निवारा, प्रवास आणि सुरुवातीच्या तुटपुंज्या विद्यावेतनाचा भार कुटुंबावर पडतो. मुलींच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. प्रमाणपत्र क्षमतेची साक्ष देते, जागेची नव्हे. म्हणूनच प्रशिक्षण योजनेचे यश किती जणांना प्रमाणपत्रे मिळाली यापेक्षा किती जण कामावर टिकले, यावरून मोजणे अधिक न्याय्य ठरते.