तिसरी पिन : प्रस्तावना

विजेवरची पुस्तके आपल्याकडे कमी नाहीत. आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी ती आहेत, अभियंत्यांसाठी आहेत. पण सकाळी गिझर लावणाऱ्या, मिक्सरला वाटप लावणाऱ्या माणसासाठी फारसे कोणी लिहीत नाही. मीटरपर्यंतची वीज महावितरणची, पुढची जबाबदारी घरमालकाची. त्या पुढच्या जंजाळात आपला हात रोज जिथे पोचतो ती जागा म्हणजे प्लग. म्हणून वाचकांनी या विषयाची सुरुवात तिथूनच करावी.

वेंगुर्ल्यात तर त्याला जास्तच कारण आहे. इथला खारा वारा पितळेला सोडत नाही. उभादांड्याच्या किनाऱ्यालगतच्या घरातला एखादा जुना प्लग, बटण बंद करून, काढून पाहा. पिनांवर हिरवट थर चढलेला आणि सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लास्टिक पिवळे पडलेले दिसले, तर समजावे की पकड सैल झाली आहे आणि तिथे उष्णता साठते आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतीला ओल येते आणि आपले बोर्ड त्याच भिंतीवर असतात. उन्हाळ्यात उलटे होते. जांभा कोरडा पडतो, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते आणि गळणाऱ्या विजेला जमिनीत उतरायला वाट मिळेनाशी होते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वर पाणी ओतायची पद्धत त्यासाठीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत माडांना शिंपताना एक कळशी तिथेही जावी.

आपला गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश, 1934 सालच्या बीएस 546 या मानकातला. ब्रिटनने पुढे चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग घेतला. आपण जुन्यावरच राहिलो आणि तोच आयएस 1293 या भारतीय मानकात आला. त्यात फ्यूज नसतो. दुबई-मस्कतहून आलेल्या उपकरणांना मात्र तो चौकोनी प्लग असतो. व्होल्टेज जवळपास सारखेच असल्याने उपकरण इथे बिनतक्रार चालते आणि स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये अर्थिंग तुटले आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही अर्थिंगची तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. म्हणजे उपकरणात वीज शिरण्याआधीच त्याचे धातूचे अंग जमिनीशी जोडलेले असते. शिवाय बऱ्याच सॉकेटांत खालच्या दोन भोकांवरचा पडदा हीच पिन उघडते. दोन पिनांचा चार्जर आत जाईना की आपल्याकडे वरच्या भोकात पेन किंवा पेचकस खुपसतात. ही युक्ती घरातले लहान मूल एकदा पाहते आणि पुरते शिकते.

आकड्यांना घाबरू नका. 230 व्होल्टला 6 अँपिअरचे सॉकेट जास्तीत जास्त 1380 वॅट सोसते, 16 अँपिअरचे 3680. दोन हजार वॅटचा गिझर लहान सॉकेटवर का चालवू नये, हे एवढ्या गुणाकारातच कळते. भार वाढला की आपोआप पडणारी कळ, म्हणजे एमसीबी, प्रामुख्याने वायरिंगला जपते. माणसाला जपते ती वीज गळताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. आमच्या मते नव्या फ्रिजआधी तिच्यावर पैसे घालावेत.

चतुर्थीचे दिवस खास सांभाळायचे. चाकरमानी येतात, घर भरते, आणि मखराच्या माळा, पंखे, मोबाइल सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चढते. प्लग मिळाला नाही तर उघड्या तारा आगपेटीच्या काड्या ठोकून सॉकेटात बसवण्याचा उद्योगही होतो. हौस असावी, पण माळेला प्लग लावून घ्यायला फार पैसे पडत नाहीत.

पुढची पाने सलग वाचायलाच हवीत असे नाही. आधी घरातल्या बोर्डांवरून एक नजर फिरवा, खटकले ते टिपून ठेवा आणि तेवढेच प्रकरण काढा. बोर्ड उघडायचे काम मात्र परवानाधारक वायरमनचे. आरसीसीबी असेल तर तिचे टेस्ट बटण आजच दाबून पाहा. कळ पडली नाही, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.