शेवटचं कधी खाल्लंत?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञ विचारतात, "शेवटचं कधी खाल्लंत? काय खाल्लंत?" आणि कपभर चहा घेतलेला माणूस, ऑपरेशन पुढे जाईल या धास्तीनं, "काही नाही" म्हणून मोकळा होतो. वरवर साधी चौकशी वाटते. पण ती तपासणीच असते. एरवी अन्नाचा कण श्वासनलिकेकडे वळला की ठसका लागतो. भुलेत हा पहारेकरीच झोपलेला असतो. पोटातलं वर आलं, तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

हा धोका नीट उलगडून दाखवला न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी, १९४६ मध्ये. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. ६६ बायकांच्या फुप्फुसात पोटातलं गेलं होतं. त्यांतल्या दोघी दगावल्या, दोघीही घट्ट अन्नानं श्वास कोंडून. पण नुसता पातळ द्रव गेलेल्यांनाही धाप का लागावी? मेंडेलसननी सशांच्या फुप्फुसात आम्ल घातलं, तर त्यांचीही तीच गत झाली. आम्ल मारलेला द्रव घातला, तेव्हा तसं झालं नाही. खरा गुन्हेगार जठरातलं आम्ल होतं.

कळा देणाऱ्या बाईला खायला देऊ नका, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे कित्येक दशकं असंख्य बायका उपाशीपोटी बाळंत झाल्या. इतर ऑपरेशनांसाठीही 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही' हा नियम रूढ झाला. मला वाटतं, तो रुग्णापेक्षा वॉर्डाच्याच सोयीचा होता. सगळ्यांना एकच हुकूम! सकाळी आठचा रुग्ण आणि दुपारी दोनचा रुग्ण, दोघंही सारखेच तहानलेले.

१९८६ मध्ये कॅनडात माल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना भुलेच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी देऊन पाहिलं. त्यांच्या पोटात उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त द्रव साचलेला नव्हता. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं धडधाकट रुग्णांना दोन तास आधीपर्यंत पाणी, तर सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं चालेल असं सांगितलं. कोरा चहा पाण्यात धरला जातो. आपला दुधाचा चहा मात्र सहा तासांच्या हिशेबात.

पण प्रत्येकाचं पोट घड्याळाप्रमाणे रिकामं होत नाही. आतड्याला पीळ पडलेला, अपघातात सापडलेला, जुना मधुमेही यांचं जठर तासन्‌तास भरलेलं राहू शकतं. म्हणून आता काही ठिकाणी भुलेआधी पोटाची सोनोग्राफी करतात. आणि २०२३ पासून एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे: मधुमेहासाठी किंवा वजन उतरवायला सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन घेता का? त्यानं अन्न पोटात रेंगाळतं.